डोंगरीचे निळे कापड

ॲथलोन हे आयर्लंडच्या जवळजवळ मध्यावर वसलेले, शॅनन नदीने दोन भाग केलेले गाव. येथे बेने-इस्राएलांचे घर आमचे एकच. मोठ्या सणांना डब्लिन गाठावे लागते, आणि ते सव्वाशे किलोमीटरवर आहे. गेल्या रोश हशानाच्या, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत नव्याच्या सणाच्या आधी, मुलीला नवे कपडे घ्यावेत म्हणून आम्ही येथील बाजारात गेलो. मुलीने निवडली ती जीनची विजार. रंग उडालेला, मांडीवर पांढुरकी झालेली, आणि गुडघ्यावर चक्क फाटलेली. किंमत शंभर युरोंच्या वर. "बाबा, ही व्हिंटेज आहे," असे तिने आम्हांस समजावले.

घरी आल्यावर लोदला आत्याबाईंना फोन लावला आणि गंमत म्हणून ही हकीकत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, तुझ्या आजोबांच्या डांगरीला ठिगळ लावताना आईच्या बोटांना सुया टोचायच्या. शेजारणीने ते ठिगळ पाहू नये म्हणून ती डांगरी आतल्या दोरीवर वाळत घालायची. आणि तू शंभर युरो देऊन फाटके आणलेस?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. परंतु डांगरी हा शब्द मनात घर करून राहिला. आमचे आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला होते आणि त्यांचा निळा, जाडाभरडा कामाचा पोशाख घरात 'डांगरी' म्हणूनच ओळखला जाई. लहानपणी आम्हांस हा शब्द मराठी वाटे. पुढे शाळेत गेल्यावर तो इंग्रजी 'डंगरी'चा अपभ्रंश असल्याचे कळले. खरी गोष्ट अशी की दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. शब्द आपल्याच गल्लीतून निघाला, विलायतेस गेला, आणि साहेबाच्या वर्कशॉपातून पुन्हा आपल्या घरी आला.

मुंबईच्या बंदरालगत डोंगरी नावाची वस्ती आहे. तेथे जाडे, स्वस्त, सुती कापड विकले जाई आणि त्या कापडास ठिकाणाचेच नाव पडले. इंग्रजीत या शब्दाच्या नोंदी सतराव्या शतकाच्या आरंभापासून सापडतात, म्हणजे मुंबई बेट इंग्रजांच्या हाती येण्याच्याही कितीतरी आधीपासून. हे कापड जहाजांच्या शिडांसाठी आणि तंबूंसाठी जाई, आणि खलाशी त्याचेच अंगरखे व विजारी करीत. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने या कापडाची संभावना हलक्या प्रतीचे जाडेभरडे सुती कापड अशीच केली आहे. त्यात मानाचे असे काही नव्हते. ज्याला दुसरे परवडत नाही त्याने ते घालावे, एवढीच त्याची प्रतिष्ठा.

डोंगरी म्हटल्यावर आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील हे निराळे सांगावयास नको. तेथून थोड्याच अंतरावर सॅम्युअल स्ट्रीट आणि इस्राएल मोहल्ला. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेले शाआर हारहमीम, म्हणजे आपली जुनी मशीद, त्याच भागात आहे, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्या मशिदीवरून पडले असे आपण अभिमानाने सांगत आलो. कोकणातून तेलाचे घाणे सोडून मुंबईस आलेल्या आपल्या पूर्वजांनी पहिली बिऱ्हाडे थाटली ती याच परिसरात. स्टेशनाचे नाव आपण सर्वांना सांगितले, पण शेजारच्या डोंगरीचे नाव साऱ्या जगातील कामगारांच्या अंगावर चढले आहे, ही गोष्ट आमच्या घरात तरी कोणी बोलल्याचे आठवत नाही.

आता डंगरी, जीन आणि डेनिम यांतील फरक. हा विषय कंटाळवाणा वाटेल, परंतु पुढची सगळी किंमत त्यावरच उभी आहे. आपल्याकडे 'जीनचे कापड' म्हणत ते शाळेच्या खाकी चड्डीचे घट्ट विणीचे कापड. तो शब्द इटलीतील जेनोव्हा बंदराच्या फ्रेंच नावावरून आला. डेनिम हे फ्रान्समधील नीम गावच्या सर्ज कापडावरून आलेले नाव, असे सामान्यतः मानतात. डेनिममध्ये ताण्याचे, म्हणजे उभे धागे निळीत रंगवलेले असतात आणि बाण्याचे आडवे धागे पांढरेच ठेवलेले असतात. वीण तिरपी असल्यामुळे वरच्या अंगास निळा धागा अधिक दिसतो आणि आतल्या अंगास पांढरा. विजारीची बाही उलटून पाहावी, लगेच ध्यानात येते.

आणि नीळ. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगाऱ्याला ती पिंपात आंबवून अथवा रसायनाने उतरवावी लागते, तेव्हा पाणी हिरवट-पिवळे होते. सूत त्यात बुडवून बाहेर काढले की हवा लागून ते पाहता पाहता निळे होते. पुन्हा बुडवायचे, पुन्हा हवेवर धरायचे, असे अनेकदा. तरीही हा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरवर थर देऊन बसतो. म्हणून जेथे कापड घासले जाते तेथे निळा थर झिजून आतला पांढरा धागा उघडा पडतो. गुडघा, खिशाची कड, मांडीवरच्या चुण्या, ज्या खिशात माणूस पाकीट ठेवतो त्या पाकिटाची चौकट, हे सारे कापडावर उमटते. दुसरे रंग सगळीकडून फिके होतात, नीळ मात्र माणूस कसा बसतो-उठतो त्याप्रमाणे फिकी होते. जुन्या जीनचे वेड म्हणतात ते या एका गुणावर उभे आहे.

या कापडाची जगप्रसिद्ध विजार झाली ती दोन यहुद्यांच्या हातून, हे पुष्कळांस ठाऊक असेल, पण दुसऱ्या गृहस्थाचे नाव सहसा कोणी घेत नाही. लेव्ही स्ट्रॉस यांचा जन्म १८२९ सालचा, बव्हेरियातील बुटेनहाइम गावचा. मूळ नाव ल्योब. वडील क्षयाने वारल्यावर आई व बहिणींसह ते १८४७ मध्ये अमेरिकेस गेले आणि १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी कापडाची घाऊक पेढी उघडली. त्यांनी स्वतः विजार शिवल्याची कथा सांगतात, ती खरी नव्हे. शिवणारे होते जेकब डेव्हिस. हे रीगा शहरात १८३१ साली जन्मलेले, नेवाडातील रीनो गावचे शिंपी. तंबू, घोड्यांच्या झुली असली कामे ते करीत, आणि झुलींचे पट्टे पक्के करण्यासाठी तांब्याच्या रिवेटी त्यांच्या मेजावर पडलेल्या असत. १८७० च्या अखेरीस एका लाकूडतोड्याची बायको आली. नवऱ्याच्या विजारीचे खिसे टिकतच नाहीत, काही तरी मजबूत करून द्या, म्हणाली. डेव्हिसनी खिशांच्या कोपऱ्यांवर रिवेटी ठोकून दिल्या. किंमत तीन डॉलर. ते कापडही डेनिम नव्हते, पांढरे जाड डक होते, आणि ते लेव्ही स्ट्रॉसच्या पेढीतून आलेले होते.

त्या विजारींना एवढी मागणी आली की डेव्हिसना पेटंट घ्यावेसे वाटले, परंतु त्यास लागणारे पैसे त्यांच्यापाशी नव्हते. म्हणून १८७२ मध्ये त्यांनी आपल्या कापडाच्या व्यापाऱ्यास पत्र लिहून भागीदारी सुचवली. २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावे पेटंट मिळाले. शिंप्याची अक्कल आणि व्यापाऱ्याचे भांडवल! आज खिशावर नाव आहे ते व्यापाऱ्याचे. असो, डेव्हिस पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्याच कंपनीच्या कारखान्यावर देखरेख करीत होते, म्हणजे उपाशी राहिले नाहीत.

या विजारीला कंपनी स्वतः १९६० पर्यंत 'ओव्हरऑल'च म्हणत होती. खाणीतला मजूर, रेल्वेचा मजूर, गुराखी यांचे ते वस्त्र. १९३० च्या दशकात शहरातील श्रीमंत अमेरिकन लोक सुटीत गुराख्यांच्या कुरणांवर राहावयास जाऊ लागले आणि हौस म्हणून ते घालू लागले. १९५५ मध्ये जेम्स डीनने ते पडद्यावर घातले आणि तरुण पोरांनी उचलले. काही अमेरिकन शाळांनी तर त्यावर बंदी घातली. मुंबईत आमच्या तरुणपणी परदेशातून आलेली जीन म्हणजे अप्रूप. कॉलेजात एकाजवळ असली तर ती चौघांत फिरत असे. हिंदुस्थानातला आपला पहिला ब्रँड, फ्लाइंग मशीन, १९८० साली अरविंद मिल्सने काढला. १९९५ मध्ये त्याच गिरणीने 'रफ अँड टफ' नावाने न शिवलेल्या जीनचा संच, कापड, झिप, रिवेटी व बटणांसह, गावोगावच्या शिंप्यांपर्यंत पोचवला. जेकब डेव्हिसचे काम पुन्हा शिंप्याच्याच हाती आले, ही गोष्ट आम्हांस फार आवडते.

मग जुन्या जीनला सोन्याचा भाव का? एक कारण मागाचे. पूर्वी डेनिम धोट्याच्या मागावर विणले जाई. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जाऊन पुन्हा परत येतो, त्यामुळे कापडाची किनार आपोआप बांधली जाते, सुटत नाही. पन्हा मात्र अरुंद, तीस इंचांच्या आसपास. नंतर रुंद पन्ह्याचे, वेगाने चालणारे बिनधोट्याचे माग आले. त्यांवर कापड झपाट्याने निघते, पण किनार कापलेली राहते. १९८० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी किनारीचे कापड सोडून दिले, आणि सोडल्यावर लोकांना त्याची किंमत कळली. लेव्हीच्या विजारींना हे कापड पुरवणारी नॉर्थ कॅरोलायनातील व्हाइट ओक गिरणी, हीदेखील बव्हेरियाहून आलेल्या एका यहुदी घराण्याच्या मुलांनी, मोझेस आणि सीझर कोन या भावांनी, उभी केलेली. १९०५ साली सुरू झालेली ही गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली.

जुन्या पद्धतीचे डेनिम आज जपानात विणले जाते. ओकायामा प्रांतातील कोजिमा हे शाळेचे गणवेश शिवणारे गाव, तेथे हा धंदा वाढला. कुराबो गिरणीने १९७३ मध्ये पहिले जपानी डेनिम काढले आणि नंतर ओसाकाच्या काही तरुणांनी जुन्या अमेरिकन विजारी टाक्यान् टाका उसवून अभ्यासल्या. अमेरिकेने आपले जुने माग जपानला विकले अशी एक कथा आहे, पण ती खरी नव्हे. जपानी गिरण्यांतील माग टोयोडांचे. साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये आपोआप चालणारा माग पूर्ण केला आणि १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सना विकले. या प्लॅट कंपनीची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत ठिकठिकाणी होती, हे गिरणगावातल्या जुन्या माणसांना आठवेल.

अमेरिकेत ओस पडलेल्या खाणींत उतरून जुन्या विजारी शोधणारे लोक आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत अशीच एक १८८० च्या दशकातील लेव्हीची विजार लिलावात निघाली. बोली ७६,००० डॉलरांवर गेली, अधिभारासह ८७,४०० डॉलर. वर्तमानपत्रांनी किंमत छापली. त्या विजारीच्या आतल्या खिशावर काय छापलेले होते, ते मात्र काहींनीच ठळकपणे दिले. ही विजार केवळ गोऱ्या मजुरांनी बनवलेली आहे, असे ते वाक्य होते. १८८२ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी करणारा कायदा झाला, त्या काळची ही जाहिरात. कंपनीने ते धोरण पुढे सोडले. परंतु स्वतः परमुलखातून आलेल्या, धर्मामुळे मायदेशात दुय्यम ठरलेल्या माणसाच्या पेढीने दुसऱ्या परदेशी मजुराविरुद्ध असे छापावे, हे वाचून आम्हांस वाईट वाटले. जुन्या गोष्टींवर प्रेम करणाऱ्याने खिसादेखील उलटून पाहावा.

खरी जुनी विजार सर्वांना परवडत नाही, म्हणून नवीच जुनी करून विकतात. आमच्या मुलीची त्यांतलीच. कारखान्यात कापडावर दाबाने वाळू मारली की दहा वर्षांची झीज काही मिनिटांत होते. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या तरुण पोरांना सिलिकोसिस, म्हणजे फुप्फुसात दगडाची धूळ बसण्याचा असाध्य रोग झाला. तेथील डॉक्टरांनी हे उघडकीस आणले आणि २००९ मध्ये त्या देशाने या पद्धतीवर बंदी घातली. २०१० मध्ये लेव्ही स्ट्रॉस कंपनी आणि एच अँड एम यांनीही ती सोडत असल्याचे जाहीर केले. आपल्या कल्याणजवळचे उल्हासनगर हे स्वस्त जीनचे मोठे केंद्र. तेथे जीन धुणाऱ्या कारखान्यांचे निळे पाणी वालधुनी नदीत जाई. तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या आणि अनेक धुलाई कारखाने बंद झाले. मुलीला हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "मग आजोबांची डांगरी कुठे आहे? ती तर खरीच जुनी." त्याचे उत्तर पुढे येईलच.

निळ्या रंगाचा विषय निघाला आहे म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सिसिथाला एक निळा धागा, तेखेलेत, लावावा अशी तोऱ्यात आज्ञा आहे. हा रंग समुद्रातील एका प्राण्यापासून निघे आणि फार महाग असे. लबाड लोक त्याऐवजी 'कला इलान' नावाच्या वनस्पतीचा स्वस्त निळा रंग खपवीत, आणि तालमूदने त्यांस कडक इशारा दिला आहे. ही कला इलान म्हणजे आपली नीळ. पुढे खरा तेखेलेत कोणता हेच लोक विसरले. त्याचा शास्त्रीय शोध घेणारे विद्वान म्हणजे रब्बी यित्सहाक हर्झोग. त्यांनी लंडन विद्यापीठात याच रंगावर प्रबंध लिहिला, आणि ते पुढे आयर्लंडचे प्रमुख रब्बी झाले. १९१९ पासून १९३६ पर्यंत ते डब्लिनला होते. त्यांचे बेलफास्टमध्ये जन्मलेले चिरंजीव हाइम हर्झोग १९८३ मध्ये इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९८५ मध्ये डब्लिनच्या यहुदी संग्रहालयाचे उद्घाटन त्यांनीच केले. म्युरेक्स नावाच्या शिंपल्याचा रंग जांभळट येतो, निळा येत नाही, यापाशी रब्बी हर्झोगांचे काम अडले होते. १९८० च्या दशकात रामत गानच्या शेंकर कॉलेजातील रसायनशास्त्रज्ञ ओटो एल्सनर यांना आढळले की रंगाच्या पिंपावर ऊन पडले तर त्याच शिंपल्यातून शुद्ध निळा रंग निघतो. आणि तो रंग रासायनिकदृष्ट्या नीळच आहे! खरा आणि खोटा, रेणू एकच. शास्त्री मंडळींना फरक आहे तो उगमाचा, आणि तो त्यांच्या दृष्टीने मोठा आहे.

कापसाचेही असेच. एस्तेरच्या ग्रंथात, जो आपण होळीच्या सणाला, म्हणजे पुरीमला वाचतो, राजवाड्याच्या पडद्यांच्या वर्णनात 'करपस' हा शब्द तेखेलेतच्या शेजारीच येतो. तो मूळ संस्कृत 'कर्पास', आपला कापूस.

आता ॲथलोनकडे परत येऊ. जुन्या रेडिओच्या काचेवर रोम, पॅरिस यांच्या ओळीत या लहान गावाचे नाव छापलेले असे, कारण १९३२ पासून आयर्लंडचे मोठे प्रक्षेपण केंद्र येथे होते. परंतु गावाचे पोट भरले ते कापडावर. १८५९ मध्ये येथे लोकरीची गिरणी निघाली. प्रसिद्ध गायक जॉन मॅककॉर्मक, जन्म १८८४, याचे आईबाप स्कॉटलंडहून येऊन त्या गिरणीत कामाला लागले होते. १९४० मध्ये ती आगीत जळाली. १९३० च्या दशकात निघालेली जेन्टेक्स ही सुती कापडाची गिरणी गावातल्या शेकडो घरांचा आधार होती. ती १९८४ मध्ये बंद झाली. आमच्या शेजारी राहणाऱ्या एक वृद्ध बाई तेथे मागावर होत्या. त्या बोलू लागल्या की आम्हांस परळ आठवते. भोंगा, पाळी, डोक्याच्या केसांत अडकलेला कापूस, आणि मोठ्याने बोलण्याची कायमची सवय, कारण मागाच्या आवाजात हळू बोललेले ऐकूच येत नसे. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले आणि बहुतेकांना पुन्हा मागावर उभे राहता आले नाही. या बाईंना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आणि माग? मागांचे काय झाले?" आम्ही म्हणालो, भंगारात गेले. त्या म्हणाल्या, "आमचेही."

त्यांनाच आम्ही मुलीची नवी विजार दाखवली. त्यांनी चष्मा लावून शिवण उलटी केली, कापलेली काठ बोटाने चाचपली आणि सांगितले की हे धोट्याच्या मागावरचे कापड नव्हे. दुकानाच्या चिठ्ठीवर 'व्हिंटेज' लिहिले होते, पण त्यांनी चिठ्ठी वाचलीच नाही.

आजोबांच्या डांगरीचे काय झाले, ते आत्याबाईंना पुन्हा फोन करून विचारले. विजार गुडघ्यात पार विरल्यावर आजीने ती उसवून वरचा चांगला भाग गोधडीत घातला. ती गोधडी १९७१ मध्ये आत्याबाईंबरोबर लोदला गेली आणि आता त्यांच्या माळ्यावर आहे. त्यांनी नातवाकरवी तिचा फोटो पाठवला. लुगड्यांच्या तुकड्यांच्या मध्ये दोन निळे चौकोन आहेत, एकाच्या कडेला न कापलेली किनार स्पष्ट दिसते, आणि खिसा जेथे होता तेथे गडद निळ्या रंगाची चौकट राहिली आहे. ती जागा उन्हापासून आणि घासण्यापासून खिशाने झाकलेली होती. मुलीला तो तुकडा हवा आहे. आत्याबाई म्हणतात, "गोधडी उसवणार नाही. हवी तर येथे येऊन पांघरून झोप."

दिमोना, लोद, अश्दोद, बेरशेबा येथील, त्याचप्रमाणे इंग्लंड-अमेरिकेतील आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी वडीलधाऱ्यांची डांगरी, अगर तिचा तुकडा, जपून ठेवलेला असेल तर ती कोणत्या वर्कशॉपातली अगर गिरणीतली, कापड कोठून घेतलेले आणि शिंपी कोण, एवढे मासिकाच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. किनार कापलेली आहे की अखंड, हेही पाहून लिहावे.